कोलंबियातली ती पुस्तके कशाची होती?

एका भीमजयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही धारूरला होतो. बालाघाटाच्या डोंगरातले, किल्ल्याचे धारूर. बीड जिल्ह्यातले. वस्तीतल्या विहारात मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती आणि आम्हाला बाहेरगावचे पाहुणे म्हणून मंचावर बसविले होते. प्रश्न नेहमीचेच होते. बाबासाहेब अमेरिकेला कोणत्या साली गेले? कोणत्या विद्यापीठात शिकले? दिवसाचे किती तास अभ्यास करीत? किती पुस्तके विकत घेतली? मुले धडाधड उत्तरे देत होती आणि प्रत्येक उत्तराला जयभीमचा गजर होत होता. कार्यक्रम संपत आला तेव्हा बारावीत शिकणारा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोपीत राहायचे, असे ज्या हजारो घरांचे जिणे आहे त्यातलेच एक घर. त्या मुलाने विचारले, की बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये दोन हजार पुस्तके घेतली हे आम्हाला पाठ आहे, पण ती पुस्तके कशाची होती? आणि तिथे तीन वर्षे राहून बाबासाहेबांनी लिहिले काय?

मंचावर आम्ही चार जण होतो. चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. अर्थशास्त्राचे काहीतरी होते, असे मोघम सांगून आम्ही वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. चाळीस वर्षे चळवळीत वावरलेल्या माणसांना एका ऊसतोड कामगाराच्या मुलाने निरुत्तर करावे, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती. पदव्यांची यादी आम्हाला तोंडपाठ आहे. ज्या प्रबंधांवर त्या पदव्या मिळाल्या त्यांची नावेही आम्हाला ठाऊक नसतात. प्रस्थापितांनी बाबासाहेबांना घटनेच्या चौकटीत बसवून टाकले म्हणून आम्ही ओरड करतो, पण आम्हीही त्यांना पदव्यांच्या चौकटीत बसविले आहेच. या देशाचा कोणी न लिहिलेला इतिहास त्यांनी वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लिहावयास घेतला होता, हे त्या चौकटीत कुठेच दिसत नाही. त्या मुलाला जे उत्तर द्यावयास हवे होते ते आज येथे देत आहोत.

१९१२ च्या अखेरीस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. झाले. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण अस्पृश्याच्या मुलाला देववाणी शिकवायची कशी म्हणून ती नाकारली गेली आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेले आणि महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कॉलेज पार पडले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या चाकरीत रुजू झाले, तोच सुभेदार रामजींच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारीला सुभेदार गेले. मुलाने शिकावे म्हणून ज्या बापाने मुलीचे दागिने गहाण टाकून पुस्तके आणली, त्याला मुलाची अमेरिका पाहावयास मिळाली नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला धाडण्याचे ठरविले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. ४ जूनला करारावर सही झाली आणि जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. घरचा गाडा ओढावयास मुंबईत रमाई मागे राहिल्या. साडेअकरा पौंडांतून परदेशी राहायचे, शिकायचे आणि घरीही काही पाठवायचे, असा तो हिशेब होता.

कोलंबिया विद्यापीठात ते प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना, म्हणून आठवड्यातच मुक्काम हलविला. पुढे काही काळ निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तेथे नवल भाथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे पैशाची नड पडली की बाबासाहेब हक्काने पत्र लिहीत ते भाथेनांनाच. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले, असे चरित्रकार सांगतात. आम्हाला ते वाचून बरे वाटते. बावीस वर्षांचा तरुण होता तो. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेला. येथे एकाच टेबलावर चार देशांची मुले जेवत होती आणि कोणी कोणाला जात विचारीत नव्हते. शिकण्याआधी त्याने तो मोकळा वारा चार दिवस छातीत भरून घेतला असेल, तर त्यात नवल काय? त्याच ऑगस्टमध्ये वडिलांच्या एका स्नेह्याला त्यांनी न्यूयॉर्कहून पत्र लिहिले. मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवा म्हणजे आपली प्रगती झपाट्याने होईल, हा त्या पत्राचा आशय. अमेरिकेत पोहोचून महिनासुद्धा झाला नव्हता.

मग मात्र त्यांनी मांडी ठोकली. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद विद्यापीठात आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, शिवाय फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी एक. यातला इतिहासाचा आकडा नीट पाहा. अर्थशास्त्राच्या खालोखाल तोच आहे. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकारणात ओढू पाहत होते. बाबासाहेबांनी हात जोडून सांगितले, की आधी अभ्यास. आमच्या आजच्या विद्यार्थी नेत्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

कोलंबियात त्या काळी इतिहासाच्या शास्त्रातच मोठी उलथापालथ चालू होती. जेम्स हार्वे रॉबिन्सन या प्राध्यापकांचे 'द न्यू हिस्टरी' हे पुस्तक १९१२ साली निघाले होते. राजे, लढाया आणि तह एवढाच इतिहास नव्हे, सामान्य माणूस कसा जगला, काय खाई, काय मानी, हेही इतिहासातच मोडते, असे ते मांडीत. एडविन सेलिग्मन हे बाबासाहेबांचे अर्थशास्त्राचे गुरू. इतिहासाची चाके पैशाने कशी फिरतात यावर त्यांनी १९०२ सालीच पुस्तक लिहिले होते. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले त्याच १९१३ साली कोलंबियाच्याच चार्ल्स बिअर्ड यांनी अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांचे जमीनजुमले आणि कर्जरोखे तपासून काढले आणि सारी अमेरिका खवळली. राज्यघटना ही आकाशातून पडत नाही, ती लिहिणाऱ्याचे हितसंबंध तीत उतरतात, हा वाद ज्या विद्यापीठात गाजत होता तेथे भारताचा भावी घटनाकार शिकत होता.

पण अमेरिका म्हणजे स्वर्ग, असे समजण्याचे कारण नाही. त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग हे नामांकित इतिहासकार होते. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत काळ्या माणसांना मते मिळाली, ते निवडून आले, तो काळ म्हणजे नुसता गोंधळ आणि भ्रष्टाचार, असे चित्र त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी उभे केले. तेच दोन पिढ्या शाळाशाळांतून शिकविले गेले. काळ्यांचा राष्ट्रीय इतिहास असा झाकला गेला. १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉय या काळ्या विद्वानाने भलामोठा ग्रंथ लिहून ते चित्र खोडून काढावे लागले. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डुबॉय यांना पत्र लिहिले. अमेरिकन निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यावयाच्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली आणि डुबॉय यांनी आपुलकीने उत्तर धाडले. काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथातही बाबासाहेबांनी अमेरिकेतला हाच धडा मांडला आहे. काळे सैनिक यादवी युद्धात लढले, युद्ध जिंकले गेले, आणि मग त्यांना वाऱ्यावर सोडण्यात आले. विद्यापीठाच्या आवारात जे शिकविले जात नव्हते तेही त्यांनी वाचून काढले होते, ते असे.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लिहिले काय?

१५ मे १९१५ ही तारीख असलेला एक प्रबंध आहे, ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि तिची वित्तव्यवस्था. पाने फार नाहीत. १७९२ ते १८५८ या काळात कंपनीने जमिनीतून किती उचलले, मिठातून किती, अफूतून किती, आणि त्यातले रयतेच्या वाट्याला काय आले, याचा तो ताळेबंद आहे. जमीनदारी, रयतवारी आणि गाववार अशा महसुलाच्या पद्धती त्यात सांगितल्या आहेत. रस्ते, कालवे अशा लोकोपयोगी कामांवर कंपनीने किती क्षुल्लक रक्कम टाकली हे आकड्यांनी दाखविले आहे. शाळेत आपण कंपनीचा इतिहास शिकलो तो प्लासी, बक्सार, क्लाइव्ह, डलहौसी असा. मिठाच्या चिमटीवर सरकारचा मक्ता होता आणि ती चिमूट विकत घेणारा गरीबच होता, हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात किती ओळींत येतो?

यातली एक गोष्ट थोडी फोड करून सांगावयास हवी, कारण ती धारूरच्या माणसाला पुण्यामुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळेल. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागधारकांना दर साल शेकडा साडेदहा टक्के लाभांश द्यायचे ठरले. भांडवल साठ लाख पौंडांचे. म्हणजे वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड. ते द्यायचे कोणी? हिंदुस्थानच्या महसुलाने. व्यापार बंद, धंदा बंद, आणि लंडनमधल्या भागधारकाचा लाभांश मात्र येथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून चालू. पुढे १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले. कंपनीचे कर्ज कोणाच्या डोक्यावर बसले? हिंदुस्थानच्याच. जिंकलेल्या माणसाने स्वतःला जिंकण्याचा खर्च फेडायचा! ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर चढते. बाप थकला की ती पोराच्या नावावर येते. कंपनीने साऱ्या देशाला असे उचलीत बांधले होते, आणि हे गणित ज्यांनी मांडले त्यांचा जन्म एका महार सुभेदाराच्या घरातला होता. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाची हाक आधीच दिली होती, हे आम्ही विसरत नाही. बाबासाहेबांनी मात्र कंपनीचे दप्तर उघडून कोणत्या खात्यातून किती आणि कोणत्या खात्यात किती हे पाहिले. त्यांना देशद्रोही म्हणणारी जीभ आजही वळवळते. त्या जिभेला हा प्रबंध दाखवावा.

याच काळात प्राचीन भारतातील व्यापारावरही त्यांनी लेखन केले आणि १९१६ साली भारताच्या राष्ट्रीय लाभांशाचा ऐतिहासिक अभ्यास विद्यापीठाला सादर केला. पण त्या वर्षीचे खरे मोठे काम म्हणजे ९ मेचा निबंध. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ यांवर तो वाचला.

त्याआधी जातीवर लिहिणारे कमी नव्हते. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले हे युरोपीय पंडित होतेच. आपले श्रीधर व्यंकटेश केतकरही होते. ज्ञानकोशकार केतकर हेही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. जातीच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला होता. बाबासाहेबांनी केतकरांना योग्य तो मान दिला आणि मग त्यांच्या व्याख्येतली चूकही दाखविली. आपल्या जातीबाहेर लग्न नाही आणि आपल्या जातीत जन्मल्याखेरीज कोणी जातीचा नाही, या दोन गोष्टी केतकरांनी वेगळ्या धरल्या. त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे बाबासाहेब म्हणाले. बाहेर लग्न बंद केले की आत दुसऱ्या कोणाला येताच येत नाही. जातीचा प्राण तो एकच, रोटी नव्हे, बेटी.

पुढचा युक्तिवाद तर अंगावर काटा आणणारा आहे. बंद गटात लग्ने व्हायची तर बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई उरते. उरलेल्या बाईचे करायचे काय? एक तर नवऱ्याबरोबर जाळायची, नाही तर केशवपन करून कोपऱ्यात बसवायची. बायको मेली तर पुरुष उरतो. त्याला कोण जाळणार? त्याच्यासाठी मग अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर शोधायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उगम त्यांनी धर्मग्रंथातल्या पुण्यात शोधला नाही, जात टिकविण्याच्या हिशेबात शोधला. हे दार प्रथम ब्राह्मण वर्गाने लावून घेतले आणि बाकीच्यांनी नक्कल केली, काहींना नक्कल करणे भागच पडले. सुधारकांनी विधवाविवाहासाठी शंभर वर्षे आटापिटा केला. पण विधवेचे दुःख आणि अस्पृश्याचे दुःख एकाच कारखान्यात तयार होते, हे न्यूयॉर्कच्या एका खोलीत बसून एका अस्पृश्य विद्यार्थ्याने सांगितले. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधन मासिकात छापून आला. शिलालेख आणि ताम्रपट छापणारे ते मासिक. राजांच्या दानपत्रांच्या शेजारी जातीच्या यंत्राची ही चिरफाड प्रसिद्ध झाली.

आता पुस्तकांची कथा, म्हणजे मुलाचा पहिला प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून, जेवणाचे पैसे वाचवून बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार पुस्तके गोळा केली, असे चरित्रात आहे. एकेका ग्रंथाची यादी काही त्यात नाही. पण तीन वर्षांत ते काय शिकले आणि काय लिहीत होते हे पाहिले म्हणजे त्या गठ्ठ्यांत काय असणार ते उघड आहे. ती पुस्तके त्यांनी एका मित्राबरोबर हिंदुस्थानला धाडली आणि त्यातली थोडीच त्यांच्या हाती आली. १९१६ च्या जूनमध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याचे बोलावणे आले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. सामानसुमान आणि पुस्तके एका बोटीने पाठविली, स्वतः दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले तेव्हा एवढ्या वर्षांच्या परदेशवासातली पुस्तके समुद्राच्या तळाशी होती. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. त्याच पैशातून त्यांनी बडोद्याचा प्रवास केला.

बडोद्याचा प्रसंग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कोलंबियाच्या विद्वानाच्या टेबलावर शिपाई फायली लांबून फेकीत. राहायला जागा नाही. पारशी म्हणून नाव सांगून एका खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन जमाव आला आणि बाहेर पडावे लागले. ज्या मजल्यावर त्यांना ठेवले होते तेथे अडगळीचे सामान होते आणि एक मिणमिणता दिवा. त्या दिव्याखाली ते वाचीत बसत. पुस्तके सोबत होती म्हणूनच ते एकटेपण सोसवले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

पण विद्या काही समुद्रात बुडाली नव्हती. १९१८ साली अर्थशास्त्रीय नियतकालिकात शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा लेख आला. तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगांकडे वळला पाहिजे, असे त्यांनी मांडले. धारूर तालुक्यातून दर साली कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसांकडे पाहून हा लेख पुन्हा वाचावा. त्याच सुमारास बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण त्यांनी लिहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा 'केसरी'ने छापली नाही. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात जो तरुण आकड्यांची कोष्टके मांडीत होता तोच आता माणगावच्या, महाडच्या माणसाला कळेल अशा मराठीत अंकाचे रकानेच्या रकाने एकहाती भरीत होता. ही दोन माणसे नव्हेत. आमच्यातले काही विद्वान इंग्रजीतला आंबेडकर आणि मराठीतला आंबेडकर अशी वाटणी करतात, ती आम्हाला मान्य नाही.

कोलंबियाची पीएच.डी. पदरात पडली तीही याच १९२७ साली. इतका उशीर का? प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. छपाईला पैसे हवेत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची वाढ सांगणारा ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने काढला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि ग्रंथ सयाजीरावांना अर्पण झाला. मध्य सरकार आणि प्रांत यांच्यातला पैशाचा झगडा त्यात १८३३ पासून सांगितला आहे. आज राज्ये केंद्राकडे कराचा वाटा मागतात त्या भांडणाची वंशावळ यात सापडेल.

पुढची तीस वर्षे लढ्याची. महाड, काळाराम, गोलमेज, पुणे करार, घटना, नागपूर. त्यात शिरलो तर हा लेख संपायचा नाही. पण कोलंबियात हाती घेतलेले धागे सुटले नाहीत. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना त्यांनी आपले शिक्षक जॉन ड्युई यांचा आधार घेतला. १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ लिहिला आणि तो जोतीराव फुल्यांना अर्पण केला. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण हे पुस्तक आले. त्यातले काही निष्कर्ष आज विद्वानांना पटत नाहीत, याची आम्हाला कल्पना आहे. पण तो प्रश्न विचारला प्रथम कोणी?

आणि एक किल्ल्याची गोष्ट. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तेव्हा तो मुलूख निजामाचा, तसे धारूरही निजामाचेच. दरवाजाजवळच्या हौदावर काहींनी प्रवासाची धूळ धुतली. त्यावरून एका म्हाताऱ्या मुसलमानाने आरडाओरड केली, जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. अखेर पाण्याला कोठेही शिवायचे नाही या अटीवर आणि बरोबर एक हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. ते आत्मकथन आज कोलंबियात विद्यार्थ्यांना वाचावयास देतात. धारूरच्या किल्ल्याचा इतिहास विचारा. सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वरखानाने तो बांधला, निजामशाहीने घेतला, मोगलांनी जिंकला, फतेहाबाद नाव दिले, इतके कोणीही सांगतो. दगड कोणी वाहिले, आतल्या टाक्यांचे पाणी कोणाला बंद होते, वेठीला कोण जाई, हे सांगणारा फलक आम्हाला कोठे दिसला नाही.

याच मराठवाड्याच्या पोरांसाठी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याआधी येथल्या मुलाला पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे. पुढे त्याला नाव दिले मिलिंद, नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. १९५२ च्या ५ जूनला कोलंबियाने त्यांना बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली. ड्युई त्याच्या चारच दिवस आधी, १ जूनला वारले होते. गुरुशिष्यांची भेट हुकली.

कोलंबियाच्या ग्रंथालयात आज बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण कोलंबियाने त्यांना जगात पहिला विद्वान ठरविले वगैरे जे मोबाइलवर फिरते ते पुढे धाडण्यापूर्वी त्यांचा एक तरी प्रबंध उघडावा. अर्थात उघडायचा तर तो मिळाला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने समग्र लेखनाचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला काढला. संपादक वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. जातींवरचा निबंध पहिल्या खंडात आहे. कंपनीवरचा प्रबंध सहाव्या खंडात, तो निघाला १९८९ साली. प्राचीन व्यापारावरचे लेखन बाराव्यात, १९९३ साली. ज्यांच्या नावाने मते मागितली जातात त्यांच्या खंडांची छपाई रखडल्याची बातमी एका दैनिकाने दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. यापेक्षा अधिक आम्ही काय लिहावे?

सहावा खंड आम्हाला एका जुन्या कार्यकर्त्याच्या कपाटात मिळाला. कंपनीवरच्या प्रबंधाची झेरॉक्स काढून आम्ही धारूरला पाठविली आणि सोबत अवघड शब्दांचे मराठी अर्थ लिहून दिले. महिन्याभराने त्या मुलाचा फोन आला. साडेदहा टक्क्यांचे गणित त्याला कळले होते, आणि आईला सांगितल्यावर तिलाही कळले, म्हणाला. त्याचा नवा प्रश्न असा, की धारूर परगण्याचा सारा कोणाकडून किती वसूल होत होता हे कोठे सापडेल? आम्ही त्याला हैदराबादच्या पुराभिलेखागाराचा पत्ता कळविला. तेथे दख्खनचे मोगल काळापासूनचे दप्तर आहे. ते कागद फारसीत आहेत, हेही कळविले.